घाणेरी : रंगीत फुलांचे संकट
(द्वितीय वर्ष कला)

‘घाणेरी’ हे नाव ज्यांनी ठेवले त्यांना फुलांची पारख नव्हती असे म्हणावे, तर ते खरे ठरणार नाही. नाव ठेवणारे बहुधा गुरांमागे हिंडणारे असावेत. त्यांनी फुलाकडे पाहण्याआधी पान चुरगाळून पाहिले असेल. पान चुरगाळले की हाताला जो उग्र दर्प लागतो, तो दोन वेळा हात धुतले तरी जात नाही. म्हणून घाणेरी. काही भागांत हिलाच टणटणी म्हणतात. शास्त्रीय पुस्तकात हिचे नाव लॅन्टाना कॅमारा असे आहे. नावे निरनिराळी असली तरी झुडूप एकच, आणि ते आपल्या महाविद्यालयाच्या रस्त्यालाही दुतर्फा आहे. एस.टी.तून उतरून फाटकापर्यंत येताना आपण सर्वजण रोज तिच्या शेजारून चालतो.

मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे, वनस्पतिशास्त्राची नाही. तेव्हा कला शाखेच्या मुलीने झुडपावर लेख का लिहावा, असा प्रश्न प्राध्यापक मंडळींना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आमचे गाव भोर तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या उतारावर आहे. आमची गुरे कोठे चरतील, बायकांना सरपणासाठी किती लांब जावे लागेल, दूध किती निघेल आणि त्या दुधाच्या पैशांतून माझा तालुक्याच्या गावी राहण्याचा खर्च भागेल की नाही, या सर्व गोष्टी या झुडपाने ठरवायला सुरुवात केली आहे. एखाद्या प्रदेशातील माणसांचे जीवन तेथील वनस्पतीवर अवलंबून असते, हे आम्ही भूगोलाच्या पहिल्याच पाठात शिकतो. मी फक्त त्या पाठातले एक उदाहरण घरून आणले आहे.

ओळख कशी पटवावी?

घाणेरी हे अनेक वर्षे जगणारे झुडूप आहे. मोकळ्यावर ते पुरुषभर ते दोन पुरुष उंच होते आणि झाडाचा आधार मिळाला तर त्यावर चढतेसुद्धा. ओळखण्याच्या खुणा पाच. पहिली खूण खोडाची. कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवली तर ती गोल नसून चौकोनी लागते, आणि तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. दुसरी खूण पानांची. पाने समोरासमोर जोडीने येतात, कडा करवतीसारख्या असतात आणि वरचा भाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागतो. तिसरी खूण वासाची, ती वर सांगितलीच. चौथी खूण फुलांची. वीस ते चाळीस लहान फुलांचा एक गोल गुच्छ असतो, आणि एकाच गुच्छात आत पिवळी व बाहेर गुलाबी, नारिंगी किंवा लाल फुले दिसतात. पाचवी खूण फळांची. हिरव्या मण्यांसारखी फळे पिकल्यावर काळी-जांभळी आणि चकचकीत होतात.

गफलत होते ती बहुधा रानमोडीशी. रानमोडीही परदेशातूनच आलेली, तीही रान व्यापणारी आणि तिच्याही पानांना वास असतो. पण रानमोडीला काटे नसतात. तिची फुले फिकट पांढरी-जांभळट, धाग्यांच्या झुबक्यासारखी असतात, आणि तिचे बी म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते. घाणेरीचे बी वाऱ्याने उडत नाही, पक्ष्यांच्या पोटातून जाते. हा फरक केवळ पुस्तकी नाही. बी कोठे पडणार हे त्यावरून ठरते आणि त्याचा उपयोग पुढे उपाय करताना होतो.

बागेतून रानात

ही वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. तेथून ती शोभेचे झाड म्हणून युरोपातील बागांत गेली, आणि लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. बागवानांनी तिचे अनेक संकर करून नवे नवे रंग काढले. भारतात ती इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. कोणी शत्रुत्वाने आणली नाही. फूल छान दिसते, कुंपणाला उपयोगी पडते आणि जनावर तोंड लावत नाही, या गुणांमुळेच तिला आणले. पुढे याच गुणांनी घात केला. बागेत जो गुण असतो तो रानात दोष कसा होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आज जगातील सर्वांत घातक अशा शंभर आक्रमक जीवजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे, तीत घाणेरीचे नाव आहे. भारतातील वाघांच्या अधिवासाचा अभ्यास करून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, त्या क्षेत्रापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात ती पोहोचली आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढे जंगल झाले.

फुलांचे दोन रंग कशासाठी?

येथे थोडे थांबून फुलाविषयी सांगितले पाहिजे, कारण शत्रूचेही जे कौतुकास्पद आहे ते मान्य करावे. फ्रिट्झ म्यूलर नावाचा निसर्गशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये राहात असे. त्याने चार्ल्स डार्विनला लिहिलेले एक पत्र १८७७ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने आपल्याकडील घाणेरीचे निरीक्षण दिले आहे. तेथे फूल पहिल्या दिवशी पिवळे असे, दुसऱ्या दिवशी नारिंगी आणि तिसऱ्या दिवशी जांभळे. फुलपाखरे पिवळ्या फुलांवर जात, काही थोडी नारिंगी फुलांवरही जात, पण जांभळ्या फुलावर कोणी बसत नसे. पिवळ्या फुलात मध असतो. परागीभवन झाले की फूल रंग बदलते, पण गळून पडत नाही. जुनी रंगीत फुले दुरून फुलपाखरांना बोलावतात, आणि जवळ आल्यावर पिवळा रंग सांगतो की मध येथे आहे. दुकानाची पाटी मोठी आणि माल एका कोनाड्यात, असा हा व्यवहार. त्यामुळे फुलपाखरांचा वेळ वाया जात नाही आणि झुडपाची फळे भरपूर धरतात.

किती धरतात? एका मोठ्या झुडपाला वर्षाकाठी बारा हजारांपर्यंत फळे येऊ शकतात. बुलबुल, मैना यांसारखे पक्षी ती आवडीने खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात. म्हणून मोकळ्या माळावर एखादे एकटे झाड असेल, तर घाणेरीची पहिली रोपे त्याच्या सावलीला सापडतात.

ती येते तेव्हा काय जाते?

माझी आजी सांगते की तिच्या तरुणपणी आमच्या गायरानात कमरेएवढे गवत असे आणि दिवाळीनंतर ते कापून गंजी रचत. आज त्या गायरानाच्या बऱ्याच भागात माणसाला वाकल्याशिवाय शिरता येत नाही. घाणेरीची जाळी इतकी दाट होते की खाली ऊन पोहोचत नाही. ऊन नाही म्हणून गवत नाही. शिवाय तिच्या पानांतून व मुळांतून अशी द्रव्ये जमिनीत उतरतात की इतर झाडांच्या बियांना रुजणे कठीण जाते. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या काटक्यांनी वणवा अधिक भडकतो. वणव्यात हिरड्याची, ऐनाची कोवळी रोपे मरतात. घाणेरी मात्र जमिनीलगतच्या बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणजे प्रत्येक वणवा तिच्या पथ्यावरच पडतो. नवे गवत चांगले यावे म्हणून डोंगराला आग लावण्याची जी रीत आहे, ती पूर्वी कशीही असो, घाणेरी असलेल्या डोंगरावर उलटी पडते.

यापेक्षा वाईट गोष्ट तिच्या विषाची. पानांत लॅन्टाडीन नावाची द्रव्ये असतात, ती गुरांचे यकृत बिघडवतात. चांगला चारा असला तर गुरे घाणेरीला तोंड लावत नाहीत. पण वैशाखात जेव्हा डोंगरावर दुसरे काही हिरवे उरत नाही, तेव्हा भुकेले जनावर तीच ओरबाडते. मी बारावीत असताना आमच्या बांड्या गायीला असेच झाले. तिने खाणे सोडले, रवंथ थांबला, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे पडले. चार दिवसांनी अंगावरच्या पांढऱ्या ठिकाणची आणि नाकपुडीची कातडी तडकून सोलू लागली. काळ्या भागाला मात्र काही झाले नव्हते. घरात कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, कोणीतरी गरम पाणी टाकले.

गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले ते असे. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक पदार्थ तयार होतो. यकृत चांगले असेल तर तो पित्तावाटे बाहेर पडतो. यकृत बिघडले की तो रक्तात साठतो आणि कातडीखाली पोहोचतो. मग ऊन लागले की तेथे कातडी भाजते. पांढऱ्या कातडीतून ऊन आत जाते, काळ्या कातडीतून तेवढे जात नाही, म्हणून पांढरे ठिपकेच सोलतात. त्यांनी औषधोपचार केले आणि जनावर पूर्ण सावलीत बांधायला सांगितले. गाय वाचली, पण त्या हंगामात तिने दूध दिले नाही. त्या वर्षी माझ्या प्रवेशाचे पैसे मामाने भरले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे : गायीने खाणे टाकले, डोळे पिवळे झाले आणि जवळपास घाणेरी असली, तर त्या क्षणी तिला उन्हातून सावलीत आणावे व डॉक्टरांना बोलवावे. अंगारा-धुपाऱ्यात दोन दिवस घालवू नयेत.

उपाय : काय चालत नाही, काय चालते

सर्वसाधारण उपाय म्हणजे कोयत्याने सपासप तोडणे. दिसायला रान मोकळे दिसते. पण तोडलेल्या बुंध्यातून एकाच्या जागी पाच फांद्या फुटतात. माझी आई सरपणासाठी वर्षानुवर्षे घाणेरी तोडत आली आहे, तिच्या दोन्ही हातांवर काट्यांचे वण आहेत, पण घाणेरीचे एक झुडूप त्याने कमी झालेले नाही. जाळण्याविषयी वर लिहिलेच आहे. तणनाशके आहेत, पण ज्या उतारावर गुरे चरतात आणि ज्याच्या पायथ्याच्या झऱ्याचे पाणी गाव पितो, तेथे ती फवारणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय त्यांचा खर्च डोंगराळ भागातील शेतकऱ्याला झेपणारा नाही.

किड्यांकडून तण खाववून घेण्याची कल्पना जुनी आहे. हवाई बेटांवर १९०२ साली मेक्सिकोहून कीटक आणून घाणेरीवर सोडण्यात आले. तणाविरुद्ध कीटक वापरण्याचा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता. भारतातही १९२१ साली तिची फळे पोखरणारी एक माशी आणली गेली. १९४१ साली पानांचा रस शोषणारा एक ढेकूणवर्गीय किडा डेहराडूनला आणला होता, पण तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगतो असे चाचणीत दिसले म्हणून त्याचा नाश करण्यात आला. त्या काळी साग आणि घाणेरी एकाच कुळातील मानत असत, हे लक्षात घेतले म्हणजे भीती अनाठायी नव्हती हे कळते. असे अनेक कीटक येऊन गेले, पण घाणेरी हटली नाही. बागवानांनी इतके संकर करून ठेवले आहेत की एका जातीवर जगणारा किडा दुसरीवर जगेलच असे नाही.

मग चालते काय? दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक पद्धत यशस्वी करून दाखवली. तिला आपण ‘मूळछाट’ म्हणू. तिचे तत्त्व साधे आहे. घाणेरीला नवे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जेथे मिळतात त्या गाठीसारख्या भागातून. खालच्या मुळांतून ती सहसा फुटत नाही. म्हणून घाव जमिनीच्या वर न घालता जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन-तीन बोटे खोल, मुख्य मुळावर घालावा. सगळे मूळ उकरण्याची गरज नाही, त्यामुळे माती फारशी हलत नाही आणि उतारावरची माती वाहूनही जात नाही. कुदळीने बुंध्याशेजारची माती थोडी सारावी, मूळ तोडावे आणि लगेच सबंध झुडूप उचलून उलटे, म्हणजे बुंधा आकाशाकडे करून ठेवावे. तसे न केल्यास ओल्या मातीला टेकलेल्या फांद्यांना मुळ्या फुटून ती पुन्हा उभी राहते. हे काम दोघांनी मिळून करावे. एकाने काठीच्या आकड्याने फांद्या दूर धराव्यात, दुसऱ्याने घाव घालावा.

वेळ महत्त्वाची आहे. माती मऊ झालेली असावी आणि झुडपावर पिकलेली फळे नसावीत. आपल्याकडे पहिले पाऊस पडून गेल्यावर हा काळ येतो. परंतु नेमका तोच भात लावणीचा काळ असतो, आणि त्या दिवसांत कोणाच्याही घरी रिकामा माणूस नसतो. माझ्या मते घाणेरी वाढण्याचे एक मोठे कारण हेच आहे. लोकांना ती नको आहे, पण तिला काढण्याचा महिना आणि पोटाच्या कामाचा महिना एकच आहे. म्हणून लावणी संपल्यावर पावसाच्या उघडिपीत जे आठ-दहा दिवस मिळतात, ते धरावेत.

येथे काम अर्धेच होते. मोकळ्या जागेत ऊन येताच जमिनीत पडून असलेले बी रुजते, आणि पक्षी नवे बी आणत राहतात. म्हणून निदान दोन-तीन वर्षे, पावसाळ्याच्या शेवटी, कोवळी रोपे हाताने उपटावीत. ती सर्वांत अधिक मोठ्या झाडांखाली असतात, तेव्हा शोध तेथून सुरू करावा. शिवाय जागा मोकळी ठेवू नये. मारवेल, पवना, डोंगरी अशा आपल्या गवतांचे बी टाकावे किंवा ठोंबे लावावेत. गवत दाट झाले की ते घाणेरीच्या नव्या रोपांना डोके वर काढू देत नाही. कुंपणासाठी ती हवीच असे ज्यांना वाटते त्यांनी निरगुडी किंवा करवंद लावून पाहावे.

कायद्याचीही एक गोष्ट आहे. आपल्या मालकीच्या जमिनीत हे काम करण्यास हरकत नाही. गायरानात करायचे तर ग्रामपंचायतीत विषय मांडावा. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय कुदळ घेऊन जाऊ नये, मग हेतू कितीही चांगला असो.

दहा गुंठ्यांचा अनुभव

ही पद्धत मी पहिल्या वर्षात असताना वाचली आणि सुट्टीत घरी सांगितली. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “पुस्तकात ह्यो डोंगर हाय का?” मी म्हटले, “हा नाही, दुसरा आहे.” ते म्हणाले, “मग आपल्या डोंगरावर बघू.” गेल्या पावसाळ्यात लावणीनंतर आम्ही घरच्या वरकस जमिनीतील दहा गुंठे निवडले. वडील, आई, चुलती आणि मी अशा चौघांनी सहा दिवस काम केले. कुदळ कशी धरायची, उतारावर कोणत्या बाजूने उभे राहायचे, हे वडिलांनी शिकवले. घाव कोठे घालायचा ते मी दाखवले. आमच्या घरात एखाद्या शेतीकामात माझे शिक्षण उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन पाहिले. बहुतेक बुंधे वाळले होते. जेथे खडक वर असल्याने कुदळ खाली जाऊ शकली नव्हती, तेथील काही झुडपे पुन्हा फुटली होती. ऐनाच्या दोन झाडांखाली कोवळ्या रोपांची गर्दी होती, ती आई आणि मी एका सकाळी उपटली. उरलेल्या जागेत गवत आले होते, विरळ होते, पण गवत होते. एका पावसाळ्यावरून निकाल सांगता येत नाही. पुढची दोन वर्षे रोपे उपटली नाहीत तर दहा गुंठे पुन्हा घाणेरीचेच होतील. वडिलांनी यंदा शेजारचे दहा गुंठे धरायचे ठरवले आहे, हे मी त्यांच्या समाधानाचे प्रमाणपत्र समजते.

काढलेली घाणेरी वाया जात नाही. वाळल्यावर ती जळणाला होते. तामिळनाडूतील गुडलूर भागात आदिवासी कारागीर तिच्या काठ्यांपासून खऱ्या हत्तीच्या आकाराचे हत्ती घडवतात, आणि २०२१ साली असे हत्ती लंडनच्या उद्यानांत मांडले गेले होते. कर्नाटकात तिच्यापासून खुर्च्या-टेबले करतात. पण विकत घेणारे मिळाले म्हणून तिची लागवड सुरू होऊ नये, एवढे भान ठेवावे लागेल.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण डोंगराळ गावांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर हिवाळ्यात भरते. तेव्हा जमीन कडक असते आणि झुडपांवर फळे असतात, म्हणून मूळछाटीला तो काळ योग्य नाही. पण आधी साफ केलेल्या जागेतील रोपे शोधून उपटणे आणि कोणत्या गावात घाणेरी कोठवर आली आहे याचे नकाशे करणे, ही दोन्ही कामे तेव्हा होऊ शकतात. नकाशाचे काम भूगोल विभागाच्या आम्ही विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे असे मला वाटते. आणि प्रत्यक्ष छाटणीसाठी लावणीनंतरचे चार दिवस महाविद्यालयाने मोकळे दिले, तर कुदळी आम्ही घरून आणू.